देवचाराच्या वाटेवरचे दिवे

माझ्या नवऱ्याला देवचाराने धरलं असं गावात सांगतात. सांगोत. देवचार म्हणजे आमच्या वाडीचा राखणदार. कांबळं पांघरून, काठी टेकत, हातात पेटती चूड घेऊन तो रात्री आपल्या हद्दीतून फिरतो, असं मी लहानपणापासून ऐकत आले. मी त्याला कधी पाहिलं नाही. माझ्या मुलाने लावलेले दिवे मात्र पाहिले आहेत, आणि त्या दिव्यांत माझा नवरा कसा गेला तेही पाहिलं आहे. गेला म्हणजे मेला नाही. आत पडवीत आहे, खाटेवर.

मला म्हणतात, पोटच्या पोराबद्दल असं बोलू नये. पोटचा आहे म्हणून नुसती बोलते. शेजाऱ्याने ते दिवे लावले असते तर दगड मारून फोडले असते.

नवरा रापणीवरचा माणूस. रापण म्हणजे होडीतून समुद्रात लांबलचक जाळं सोडायचं आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. ओढायला कोणीही लागतो. पण जाळं कधी सोडायचं आणि कुठे सोडायचं हे सांगणारा एकच असतो, तो आमच्या वाडीत माझा नवरा होता. काळोख्या रात्री पाण्यात मासळीचा थवा हलला की पाणी आतून चमकतं. तो वाळूत उकिडवा बसून ते बघायचा आणि सांगायचा, बांगडा आहे, किंवा तारली आहे, किंवा काही नाही, घरी जा. चांदण्यात हे दिसत नाही. म्हणून आमच्या घरात पौर्णिमेचं कौतुक कधी झालं नाही.

घरात घड्याळ होतं, पण ते त्याने कधी बघितलं नाही. जेवला, दिवा मालवला, की घोरायला लागायचा. कावळ्याच्या आधी उठायचा. कामावर जायचं असलं तर त्याच्याही आधी. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं मला त्याच्या झोपेचा रागच यायचा. बोलायला जावं तर हा मेल्यासारखा पडलेला.

पुढे रापण बसली. लांब समुद्रात मोठमोठ्या दिव्यांच्या बोटी यायला लागल्या. आमच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, बघितलं तर क्षितिजावर बाजार भरल्यासारखं दिसायचं. मासळी त्या दिव्यांवर जायची आणि तिथेच संपायची. जाळी माळ्यावर गेली. नवरा नुसता संध्याकाळी जाऊन पाणी बघून यायचा, सवयीने.

मग मुलगा मुंबई सोडून आला. तिथे त्याचं काम सुटलं होतं. त्याने समुद्राच्या बाजूला खोल्या बांधल्या आणि पाहुणे ठेवायला लागला. त्यात मला काही वाईट वाटलं नाही. हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा बरं. सून चांगली रांधते, लोक तिच्या हातचं सार पिऊन खूश होतात. खोल्या कमी पडल्या तशी आमची माजघराला लागून असलेली खोलीही पाहुण्यांना गेली आणि आम्ही दोघं पडवीत आलो. तेही मी मानलं. दोन म्हाताऱ्यांना लागतं काय?

दिवे मात्र मला पहिल्या दिवसापासून बोचले. आधी माडांच्या बुंध्यांशी फोकस आले, एक निळा, एक हिरवा, एक जांभळा. जांभळ्या माडाखाली उभे राहून पाहुणे फोटो काढायचे. मग कुंपणाला सिरीज, वाटेला खांब, आणि शेवटी एक मोठा पांढरा दिवा, ज्याच्या उजेडात पडवीच्या भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसे. आणि हे सगळं रात्रभर.

मी मुलाला विचारलं, "पावणे निजतत मा रे? मगे उजवाड कोणासाठी?"

"आये, लांबसून दिसाक होया. रातचे गाडी घेवन येतत ते दिवे बघून येतत."

"बांगडे पण दिवे बघूनच येतत. मगे जाळ्यात जातत."

तो हसला. आईच्या बोलण्यावर हसून मोकळं व्हायचं ही त्याची जुनी सवय.

नवऱ्याचं विसरणं त्याआधीच थोडं सुरू झालं होतं, ते मी लपवत नाही. चष्मा डोळ्यांवर असताना शोधायचा. एकच गोष्ट जेवताना दोनदा सांगायचा. पण दिवस तो दिवस आणि रात्र ती रात्र, एवढं त्याला पक्कं होतं. पडवीत आल्यावर तेच मोडलं. मध्यरात्री उठून बसायचा, उजाडलं म्हणून तोंड धुवायचा. सकाळी पेजेचं वाडगं पुढे ठेवावं तर त्यातच मान टाकायचा. मी खिडकीला गोधडी बांधली. उकाड्याने जीव जायला लागला, त्याने ती ओढून काढली. कधी उठून किनाऱ्यावर जायचा, बघून परत यायचा आणि मला हलवून सांगायचा, "पाणी मेलां गो. कायच हलणा नाय."

पाणी काय मरतं? मुलाच्या मोठ्या दिव्याचा झोत वाळूच्या पार पुढे पाण्यावर पडत होता. त्या उजेडात चमक दिसणार कुठून? पण हे त्याला समजावून सांगण्याच्या पलीकडे तो गेला होता. त्याने जन्मभर वाचलेली एकच पाटी होती, ती कोणीतरी पुसली होती.

एकदा तो उजाडायच्या आधीच पाहुण्यांच्या खोलीत शिरला आणि झोपलेल्या माणसाची तंगडी ओढून म्हणाला, "उठ रे मेल्या! जाळा वाळूत पडली हत आणि तू निजतस?" तो पाहुणा अर्ध्या चड्डीत खळ्यात पळत आला. सकाळी सगळे पोट धरून हसले, पाहुणाही हसला. घरी गेल्यावर मात्र त्याने फोनवर सगळ्या जगाला वाचता येईल असं लिहिलं, की जागा चांगली, जेवण चांगलं, पण घरात एक वेडा म्हातारा मोकळा फिरतो. मुलाने ते मला वाचून दाखवलं. मग म्हणाला, घाटावर एक ठिकाण आहे, अशा म्हाताऱ्यांना सांभाळतात. पावसाळाभर राहू दे घरात. पुढचा सीझन सुरू व्हायच्या आधी तिथे नेऊन ठेवू.

"मी मेल्यार ने," मी म्हटलं.

"आये, तू रात-रात जागतस. तुझा काय जाता?"

"माजो घोव जाता."

सून मध्ये पडली नाही. पडवीच्या दाराशी उभी राहून पदराने हात पुसत होती. वाईट नाही ती. पण ती बोलली नाही हे माझ्या लक्षात राहिलं.

त्याआधी कुडाळच्या डॉक्टरला दाखवून झालं होतं. त्याने वय विचारलं, मान हलवली आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी नवरा दिवसाही झिंगायला लागला आणि न्हाणीत पडला. मी गोळ्या चुलीत टाकल्या.

मग सुनेनेच तोंड उघडलं. "आई, माका वाटता हेंका भायरचा कायतरी आसा." खोल्या बांधताना देवचाराच्या नावाने पूजलेला दगड वाटेतून उचलून कुंपणाकडे ठेवला होता, ते तिला आठवलं. मुलाचा चेहरा एकदम पडला. आईचं बोलणं हसण्यावारी नेणारा माणूस, पण दगडाचं नाव काढल्यावर त्याने जागच्या जागी हात जोडले. लगेच गावकराला बोलावणं गेलं. गावकर म्हणजे देवळातला मानाचा माणूस, गावाच्या वतीने देवापुढे बोलतो, आम्ही त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतो. नात्याने तो नवऱ्याचा लांबचा भाऊ लागतो. त्याने नारळ हातात धरून मोठ्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! ह्या घराच्या धन्याक रातची नीज नाय, दिवसाची शुद्ध नाय. कोणाची वाट अडली आसात, कोणाचो मान चुकलो आसात, तर लेकरू समजान पदरात घे म्हाराजा!" आणि जमलेले सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणाले. न म्हणून काय करू?

कोंबडा दिला, विडी दिली, दगड परत मूळ जागी आणला. मूळ जागा म्हणजे आमच्या पडवीच्या खिडकीसमोर. एवढ्यावर थांबायचं. पण मुलगा मुंबईत राहून आलेला, त्याला अर्धवट काम पटत नाही. त्याने दगडावर कौलारू घुमटी बांधली, फरशी लावली आणि आत पांढरी ट्यूब बसवली. रात्रभर चालू.

"ही कित्याक?" मी विचारलं.

"देवाक काळोखात कसो ठेवचो?"

गावकराने ट्यूब सांगितली नव्हती. गावात कोणीच सांगितली नव्हती. ती माझ्या मुलाची स्वतःची भक्ती.

ती ट्यूब नवऱ्याच्या तोंडावर यायची. त्यानंतर तो जे बिघडला ते मी सांगणार नाही सगळं. जेवलो की नाही हे त्याला कळेना. मला कधी आई म्हणे, कधी बाजारातली कोण म्हणे. सून म्हणायची, देवचाराला मान दिला तरी उतरत नाही, म्हणजे धरलं भारी आहे.

मे महिन्यात माझ्या मुलीची मुलगी आली. पुण्यात शिकते, मेंदूचं काहीतरी. आम्ही दोघी खळ्यात रातांबे फोडत बसलो होतो, आमसुलासाठी. आजोबा भर दुपारी खाटेवर तोंड उघडं टाकून पडलेले तिने बघितले आणि मला खोदून खोदून विचारलं. रात्री काय करतात, कधीपासून, खिडकी कुठल्या बाजूला. मग उठून पडवीत गेली, खाटेवर डोकं टेकवून बाहेर बघितलं आणि परत आली.

"आजी, हे दिवे कोणी लावले?"

"तुज्या मामान."

तिने मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, मी चौथी शिकलेली बाई आहे. मेंदूत बारीक बारीक पेशी असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. प्रत्येकीत तिने करायची कामं लिहिलेली असतात, त्याला जीन म्हणतात. सगळी कामं सगळा वेळ चालत नाहीत. काही दिवसा उघडतात, काही रात्री. रात्रीच्या कामांत दिवसभराचा केर काढणं असतं, आणि जे लक्षात ठेवायचं ते नीट लावून ठेवणं असतं. आता कोणतं काम उघडायचं आणि कोणतं मिटायचं, हे डोळ्यांतून आत जाणाऱ्या उजेड-काळोखावरून जुळवलं जातं. रात्री उजेड येत राहिला की आतल्यांना कळत नाही ही वेळ कोणती. उघडायचं ते उघडत नाही, मिटायचं ते मिटत नाही.

मला लगेच आमची जत्रा दिसली. जत्रेत प्रत्येकाचा मान ठरलेला असतो. ढोल वाजला की एक जण तरंग, म्हणजे देवाची सजवलेली काठी, उचलतो, पुढचा ढोल झाला की दुसरा पालखीला खांदा देतो. कोणी कोणाला सांगावं लागत नाही. आता समजा कोणी खुळा दिवसरात्र ढोल बडवत बसला, तर? सगळे मानकरी धोतर नेसून उभे, आणि पालखी जागच्या जागी.

मी तसं म्हटलं तर नात माझ्याकडे बघतच राहिली. "अगदी तसंच," म्हणाली. "आमच्याकडे उंदरांमध्ये हे बघतात. रात्रीचा उजेड दिला की त्यांच्या मेंदूतली ही वेळापत्रकं बिघडतात. शिकलेली वाट विसरतात."

"उंदराक खंयची वाट आठवची?"

"खाऊ ठेवलेला असतो तिथली."

"आणि मेंदूत काय बिघडला ता बगतत कसा?"

तिने एक रातांबा फोडला. "उंदीर मारावा लागतो, आजी."

"मगे तुज्या आजोबाचा कळाक अजून वेळ आसा."

ती हसली नाही. म्हणाली, "आजोबांना हे उजेडामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. आजार आतून आधीच असेल. पण आजारात उजेड फार वाईट. त्यांना खरी रात्र द्या. सकाळी उन्हात बसवा. औषध नाही हे, पण करून बघायला काय जातं?"

जेवताना तिने मामापुढे विषय काढला. तो आधी गोड बोलला, मग कढीचा हात हवेत धरून ओरडायला लागला.

"तुझ्या उंदरांचं मला सांगू नकोस! पाहुणे अंधारात धडपडले तर तू येणार?"

"मग निदान पडवीसमोरची ट्यूब तरी बंद कर, मामा. आजोबांसाठी सांगते."

"आजोबांसाठीच तर लावली! देवचाराचो दिवो मी बंद केलंय आणि उद्या कायतरी झाला, तर?"

रागावला की त्याची पुस्तकी भाषा सुटते. नात दोन दिवसांनी गेली. जाताना मला म्हणाली, आजी, फ्यूज काढून टाक. तीही खुळीच. फ्यूज काढला तर तो नवा बसवणार आणि मला कुलूप दाखवणार.

ती गेल्यावर थोड्या दिवसांत पावसाच्या तोंडावरचं वादळ आलं. माड पडले, खांब पडले, तारा रस्त्यावर लोळल्या. पाहुणे होते ते सकाळीच गाड्या काढून पळाले. इन्व्हर्टर जेमतेम संध्याकाळपर्यंत चालला. मुलगा कपाळाला हात लावून बसला. मी पडवीत गेले आणि खिडकीतून बाहेर बघितलं. समोर काही नव्हतं. घुमटी नव्हती, माड नव्हते, कुंपण नव्हतं. इतकी बरी गोष्ट मी खूप दिवसांत बघितली नव्हती.

लाईट बरेच दिवस आली नाही. पहिल्या रात्री तो तळमळला. दुसऱ्या रात्री मध्ये एकदाच उठला. मग झोपायला लागला. मी त्याला सकाळी उन्हात पाटावर बसवत होते, नातीने सांगितलं तसं. एका सकाळी मी पेज पुढे ठेवली. त्याने एक घोट घेतला आणि वाडगं आपटलं.

"मीठ कित्याक नाय घातलंस? घोव मेलो काय तुजो?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. तोच आवाज, तीच कपाळाची आठी.

"मेलो हुतो," मी म्हटलं, "आज इलो."

"मगे मीठ हाड."

मी मीठ आणलं. त्याने पेज संपवली, मुलाला हाक मारली, कोणत्या खांबाची तार तुटली ते विचारलं. माळ्यावरची जाळी उंदरांनी खाल्ली का विचारलं. त्या दिवशी संध्याकाळी जेवल्यावर आम्ही वाळूत जाऊन बसलो. तो पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाणी जिता आसा गो." मलाही दिसत होतं. लाट मोडली की आतून हिरवट चमक उठत होती.

गावात बोलबाला झाला की देवचार पावला. सून दगडावर हार घालून आली.

लाईट आली तेव्हा वाडीतली पोरं ओरडली. मुलाने धावत जाऊन सगळी बटणं दाबली. मी त्याच्या मागे गेले. "रे, बापूस तुका नावान हाक मारूक लागलो. तुया बगलंस. आता दिवे रवांदेत बंद."

"आये, देवचारान तेका बरो केल्यान. आणि आता मी तेचोच दिवो विझवू? तुका समजता काय तू काय बोलतस ता?"

मला समजत होतं. त्यालाच समजत नव्हतं, आणि मी त्याची आई आहे म्हणून त्याला समजवूही शकत नव्हते. आठवडा गेला नसेल, नवरा परत रात्री उठून तोंड धुवायला लागला. मुलाने घाटावरच्या त्या ठिकाणी फोन करून जागा ठेवायला सांगितली. मी ऐकलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत गावकराकडे गेले. तो शेतात तरव्यापाशी, म्हणजे भाताच्या रोपांपाशी, होता. मला बघून म्हणाला, "काय वयनी, इतक्या लांब? भाऊ बरो आसा मा?"

"भावजी, तुमच्या त्या शाळेकडच्या कोपऱ्यातलो भात गेल्या वर्सा पसवलो?" शाळेच्या वाटेवर मोठ्या दिव्याचा खांब आहे, त्याच्या बुडाशी याचं शेत.

"खंय पसवता! खांब इलो तेव्हापासून तसाच. हिरवोगार रवता, पेंढो बरो येता, लोंब म्हणशात तर नाय."

"कित्याक?"

"कित्याक म्हणजे? रात गावणा नाय तेका."

"आणि माणसाक?"

त्याने हातातला मूठभर तरवा खाली ठेवला. आमच्या घरचे दिवे त्याने बघितलेच होते, अख्ख्या गावाने बघितले होते.

मी म्हटलं, "देवचाराच्या हातात स्वताची चूड असता मा?"

"असता."

"मगे तेका ट्यूब कित्याक होयी? आमच्या सासऱ्याच्या वेळार त्या वाटेर कोणी दिवो घेवन उभो रवलो तर तुमचो बापूस गाळी देय. देवचाराची वाट मोकळी ठेवा म्हणान. आज तुमी गप कित्याक?"

तो हसायला लागला. "वयनी, तुमी गावकर जाल्यात असत्यात तर गावाचे सगळे निकाल येका दिवसात लागले असते."

"माका गावकर जावचा नाय. माका रात होयी."

"कौल लावन बगूया. देवान दिल्यान तर..."

"देयत. आणि नाय दिल्यान तर परत लावा."

सोमवारी देवळात कौल लावला. मूर्तीवर दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतात आणि विचारतात. उजवी पडली तर होकार. मुलगा हात जोडून पुढे उभा. गावकराने आवाज लावला, "बा म्हाराजा! तुझी वाट लेकरान उजवाडान अडवली आसात, तुज्या चुडीक दिव्याची आडकाठी जाली आसात, तर तसो उजवो कौल दी म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

उजवी पाकळी पडली. वारा होता की देव होता, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मुलाने सगळे दिवे मालवले. ट्यूब, खांब, सिरीज, माडांचे फोकस. एकेक करून, स्वतःच्या हाताने. बापाची झोप गेली तेव्हा नाही मालवले, आईने सांगितलं तेव्हा नाही, शिकलेल्या भाचीने सांगितलं तेव्हा नाही. बाप डोळ्यांदेखत बरा झाला तेव्हाही नाही. दगडासाठी मालवले. मी दारात उभी राहून बघत होते. आनंद व्हायला हवा होता. तोंडात नुसतं कडू आलं.

आता तो रात्री झोपतो. फिरत नाही, कोणाची तंगडी ओढत नाही. घाटावर न्यायची गोष्ट निघाली नाही, निघणारही नाही, पाहुण्यांना त्याचा त्रास उरला नाही. पण वादळातल्या त्या दिवसांत जो माणूस परत आला होता, तो या खेपेला आला नाही. मी नातीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, आजी, प्रत्येक वेळी सगळं परत जागेवर बसतंच असं नाही. नीट बोलली, खोटी आशा दिली नाही. त्याबद्दल मला तिचं बरं वाटतं.

मुलाचं मात्र छान चाललं आहे. सीझन सुरू झाल्यावर महिन्याभरात त्याच्या लक्षात आलं की शहरातल्या लोकांना काळोखाचंच अप्रूप. त्याने रस्त्यावर पाटी लावली आहे, देवचाराची वाट, इथे रात्री दिवे लावत नाहीत. खोल्या भरलेल्या असतात. जेवणं झाली की तो पाहुण्यांना वाळूवर नेतो, देवचाराची गोष्ट सांगतो, चमकणारं पाणी दाखवतो आणि त्याला काहीतरी इंग्रजी नाव सांगतो. लोक आ वासून बघतात. त्या चमकेत बांगडा आहे की तारली, हे त्यांतल्या एकालाही माहीत नसतं. मुलालाही नाही. ज्याला माहीत होतं तो पडवीत घोरत असतो. जाता-येता मुलगा घुमटीला हात लावून पाया पडतो. पडवी तिथून चार पावलांवर आहे.

सकाळी मी नवऱ्याला उन्हात बसवते. तो माझ्याकडे नीट बघतो, परक्या बाईकडे बघतात तसं, मानाने.

"तू खंयच्या घरची गो?"

"ह्याच."

"घोव आसा?"

"आसा."

"खंय गेलो?"

"रापणीर."

"येयत," तो म्हणतो. "काळोख बरो आसा. मासो गावतलो."

मग मी पेज पुढे ठेवते. मीठ घालत नाही. मिठाची वाटी माझ्या मागे झाकून ठेवलेली असते. तो एक घोट घेतो, दुसरा घेतो, सगळी पेज पिऊन वाडगं माझ्या हातात देतो आणि म्हणतो, "बरी जाली हा."